बाबा डब्याला ‘वा’ म्हणाले

...आणि वर मलाच म्हणतात, “तू जरा बाजूला हो, त्याची हवा अडतेय.” त्याची! त्याची म्हणजे कोणाची? एका डब्याची! टिफिनएवढा काळा डबा, त्याला एक पंखा, दोन वायरी, आणि त्याची हवा अडतेय म्हणून सख्ख्या मुलानं बाजूला व्हायचं... अकरा वर्षं ज्या पिंपासमोर उभं राहून माझ्या भुवया पातळ झाल्या, त्या पिंपापासून मला बाजूला करतात! मी काही बोललो? नाही बोललो. सरकलो बाजूला.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस डब्यावर काय खार खाऊन बसलाय.

आमचे बाबा बॉयलरवाले. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती, तिथं चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला त्यांनी. आता असा माणूस रिटायर झाल्यावर काय करतो? लोक फिरायला जातात, शब्दकोडी सोडवतात, दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जमवतात... बाबांनी काय केलं? एक लोखंडी पिंप आणलं, शेजारच्या वेल्डरला धरलं आणि घरामागच्या फरशीवर स्मोकर उभा केला. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगतो, पिंपाच्या तळाशी कोळसे, त्यांच्यावर पाण्याचा ट्रे, ट्रेच्या वर जाळी, जाळीवर मटण आणि सगळ्यावर झाकण. खाली हवा आत जायला एक भोक, त्या भोकावर सरकती पट्टी, वर धूर बाहेर पडायला नळकांडं. यात मटण भाजायचं नाही, धुरात शिजवायचं, तेही सात-आठ तास, एकशे दहा डिग्रीवर! हवा जरा जास्त गेली की निखारे भडकतात, कमी गेली की विस्तव मान टाकतो, म्हणजे सगळा खेळ त्या पट्टीचा, आणि ती पट्टी सरकवणार कोण? मी. दर दुसऱ्या रविवारी सकाळी सहा वाजता माझ्या घरून निघून आईबाबांच्या घरी हजर, कोळसे मी पेटवणार, राख मी झाडणार, धूर मी खाणार... आणि बाबा? बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, हात मांडीवर, आणि दिवसभरात शब्द दोनच. “कमी.” “जास्त.” झालं! संपला बापलेकांचा संवाद! दुपारी जेवायला बसलो की पहिला घास घेऊन तिसरा शब्द यायचा, “हं.”

आता हे ‘हं’ म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं, त्याला अकरा वर्षं घालवावी लागतात. मान खाली घालून आलेलं ‘हं’ म्हणजे कोरडं झालंय. खिडकीकडे बघत आलेलं ‘हं’ म्हणजे धूर कडू लागला. आणि घास गिळायच्या आधीच आलं म्हणजे जमलंय! असं गिळायच्या आधीचं ‘हं’ मला अकरा वर्षांत चार वेळा मिळालं. चार! त्या तारखा सांगू शकतो मी, हसू नका. एकदा तर घरी जाताना बायकोला म्हटलं, “ऐकलंस का, आज लवकर आलं.” ती म्हणाली, “काय, बस?” जाऊ द्या.

आता यात जावईबापू शिरतात.

धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, मला म्हणायची फार इच्छा आहे पण म्हणता येत नाही, कारण माणूस चांगलाच आहे, हेच तर दुखणं आहे. हसरे, वेळेवर येणारे, आईच्या गुडघ्याची चौकशी करणारे, ताट स्वतः उचलून नेणारे... आणि नोकरी कुठे? भाज्या ठेवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये! ज्या माणसाचं सगळं आयुष्य वाटाणे गोठवण्यात गेलं तो आम्हाला विस्तव शिकवायला आला! एका रविवारी हातात खोकं घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, तुमचा त्रास वाचवतो.” मी म्हटलं, मला कसला त्रास? पण ऐकतंय कोण. खोक्यातून तो डबा निघाला. पंखा खालच्या भोकाला बसवला, उष्णता मोजणारी एक धातूची काडी चिमट्यानं जाळीला लावली, दुसरी मटणात खुपसली, दोन्हीच्या वायरी डब्यात, आणि डबा बाबांच्या मोबाइलला जोडून दिला. मोबाइलवर एकशे दहा आकडा लावला की पुढचं सगळं डबा बघणार. विस्तव मंदावला की पंखा फुंकणार, वाढला की थांबणार. काडी सांगते, डबा ऐकतो, पंखा करतो. म्हणजे थोडक्यात काडी म्हणजे बाबा आणि पंखा म्हणजे मी!

त्या दिवशी बाबा खुर्चीतून उठले. उठले हो! पिंपाजवळ गेले, वाकले, मोबाइल बघितला, एकशे नऊ. पंख्यानं जरा फू केलं... एकशे दहा. पंखा थांबला. आणि बाबा म्हणाले, “वा.”

वा!

चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी. शाळेत चित्रकलेत दुसरा आलो होतो, तेव्हा ‘वा’ नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा नाही. त्यांना पहिला चष्मा मी स्वतः काचा घासून करून दिला, घातला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, म्हणाले, “हं.” आणि फू करणाऱ्या डब्याला... वा! मी काही बोललो? नाही बोललो. आत गेलो आणि पाणी प्यायलो. तीन ग्लास.

घरी जाताना बायको बसमध्ये म्हणाली, “पिंपात एकशे दहा होते, तुमच्यात किती आहेत?” मी म्हटलं, मला कशाला हेवा वाटेल, डब्याचा कोणी हेवा करतं का? ती म्हणाली, “तेच विचारतेय.”

आणि त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू तुम्हाला! माझा फोन सात वेळा वाजल्याशिवाय न उचलणारे बाबा, मोबाइल म्हणजे घरातला उपद्रव म्हणणारे बाबा, तो मोबाइल घेऊन अंघोळीला जायला लागले. आई फोनवर सांगायची, पिंप थंड असलं तरी डबा काय दाखवतोय ते बघत दाढी करतात म्हणून. आणि भाषा ऐका, भाषा! “त्याला कळतं.” “त्याला सांगावं लागत नाही.” एकदा तर मी समोर उभा असताना, माझ्या तोंडावर म्हणाले, “तो कंटाळत नाही.” कोण कंटाळला होता? अकरा वर्षांत मी एकदा जांभई दिली असेल, तीसुद्धा ताप होता म्हणून!

आता रविवारी मी जायचो आणि करायचो काय? कोळसे पेटवले की माझं काम संपलं. मग मी नुसता पिंपाभोवती फिरायचो. पट्टीला हात लावला की बाबा म्हणायचे, “राहू दे, तो करतोय.” राख झाडायला वाकलो की, “राहू दे.” आणि खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडून ठेवलेली असायची, हिरवी, नवीन. मी ओळखलं, जावईबापूंसाठी. त्या खुर्चीकडे मी ढुंकून बघितलं नाही. सगळा दिवस उभा राहिलो. पोटऱ्या भरून आल्या, पण बसलो नाही.

मग आला आईचा सत्तरावा वाढदिवस.

सकाळी सहालाच मटणाचा मोठा खांदा जाळीवर चढला. बहीण आलेली, जावईबापू आलेले, आमची ही, आई, बाबा. साडेनऊला सगळे आत चहाला गेले आणि मी एकटा बाहेर राहिलो. पिंप आणि डबा आणि मी. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि तुम्हाला खरं सांगतो, मला वाटलं तो माझ्याकडे बघून लुकलुकतोय. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, झाकण थोडंसं उचललं, जाळीला लावलेली काडी चिमट्यातून सोडवली आणि खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये सोडून दिली. टाकलं झाकण.

का? आता का म्हणून काय विचारता! माझा हिशेब असा होता की आकडा खाली जाईल, डब्याला काही सुधरणार नाही, मोबाइल बोंबलायला लागेल, बाबा घाबरून मला हाक मारतील, मी धावत येईन, पट्टी सरकवीन आणि येता जाता हळूच काडी जागेवर लावीन. पाच मिनिटांचा मामला. कोणाचं काही बिघडणार नाही. फक्त एक हाक पाहिजे होती मला. एवढंच.

आत गेलो, तर बाबा टेबलाशी बसलेले, शेजारची जागा दाखवून म्हणाले, “ये, बस.” आणि बोलायला लागले! बाबा! जावईबापूंना लाँड्रीच्या गोष्टी सांगायला लागले. बॉयलर एकदा थंडीत कसा रुसला होता, मुकादम चादरींच्या ढिगाऱ्यात कसा झोपायचा, पाळी बदलायला माणूस आला नाही की सोळा-सोळा तास कसं उभं राहावं लागायचं... मी या गोष्टी कधी ऐकल्या होत्या? एकही नाही! आणि आता ऐकत होतो, पण निम्मं लक्ष बाहेर, कारण मोबाइल टेबलावर आणि त्यावर आकडा... सत्त्याण्णव. बोंबलत वगैरे काही नव्हता. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. जावईबापू म्हणाले, जरा कमी दाखवतोय, बाहेर वारा असेल, येईल वर. नव्व्याण्णव. बहिणीनं दुसऱ्यांदा चहा ओतला. नव्व्याण्णव. मी उठायला लागलो, तर आई म्हणाली, बस रे, कधी नव्हे ते बोलतायत. बसलो. मी काही बोललो? कसा बोलणार? काय बोलणार?

अर्धा तास झाला. नव्व्याण्णव.

बाबा बोलता बोलता थांबले. कप खाली ठेवला, मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “विस्तव एवढा वेळ एका आकड्यावर बसत नाही. असं बसतं ते पाणी.”

चौतीस वर्षं बॉयलरची, चौतीस वर्षं! मी विसरलोच होतो हो! उघड्यावरचं पाणी शंभराच्या वर जात नाही, कितीही उकळा. काडी पाण्यात, म्हणून डबा बघतोय नव्व्याण्णव, त्याला पाहिजेत एकशे दहा, मग बिचारा काय करणार? फुंकतोय! अर्धा तास जीव तोडून फुंकतोय!

बाहेर धावलो सगळे. पिंप घरघरत होतं. नळकांड्यातून धूर नाही, नुसती धग. झाकणावर एक जुना काट्याचा तापमापक होता, डबा आल्यापासून त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं, त्याचा काटा दोनशे चाळीसवर. वेल्डरनं दिलेला काळा रंग पापुद्रे सोडून फरशीवर पडत होता. जावईबापू झाकण उचलायला धावले आणि मी ओरडलो, “झाकण नको!” कारण झाकण उघडलं की हवा घुसणार आणि मटणाचाच कोळसा होणार. तोपर्यंत मी पंखा उपसून काढला होता, पट्टी बंद केली, ओलं पोतं भोकाला दाबलं, वरच्या नळकांड्याचं तोंड अर्धं झाकलं. तळव्याला चटका बसला, तो नंतर कळला. मागून बाबांचा आवाज आला, “कमी.” मी म्हटलं, “करतोय.” पुन्हा थोड्या वेळानं, “जरा जास्त.” मी पोतं बोटभर सरकवलं. असं सव्वा तास चाललं. दोनशे, एकशे ऐंशी, एकशे चाळीस... आणि तुम्हाला सांगतो, पाप केलेला माणूस एवढा सुखात नसावा, पण मी होतो! डबा फरशीवर उताणा पडला होता, जावईबापू हात बांधून उभे होते आणि बाबांचा आवाज माझ्या मागे होता.

मग काटा एकशे दहावर आल्यावर जावईबापूंनी झाकण किलकिलं केलं, आत बघितलं आणि म्हणाले, “दादा, ही काडी पाण्यात कशी पडली?”

मी म्हटलं, “घसरली असेल.”

त्या चिमट्याची पकड अशी की काढताना माझं नख तुटलं होतं. बायकोनं माझ्या नखाकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. म्हणजे या वेळी मी बोललो आणि बाकी सगळे गप्प राहिले.

खांद्याची वरची साल पार काळी झाली होती, आत मात्र निभावलं. आईनं केक कापला, सगळे जेवले, बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “हं.” कसलं ‘हं’? मला कळलंच नाही! ना खिडकीकडे, ना खाली, माझ्याकडे बघून म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला नाही.

जेवणं झाल्यावर बाबांनी मला मागे बोलावलं. त्यांच्या खुर्चीत बसले, हिरवी खुर्ची दाखवली. मी उभाच. म्हणाले, “काडी तू टाकलीस.”

विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, “हो.”

मग म्हणाले, “तो डबा मी मागवला होता. जावईबापूंना मीच सांगितलं, आणून द्या म्हणून.”

मी म्हटलं, का? माझं काय चुकत होतं?

“तुझे डोळे बघ एकदा,” म्हणाले. “दुकानात लोकांचे डोळे तपासतोस आणि रविवारी इथून लाल डोळे घेऊन जातोस. खोकतोस. मी चौतीस वर्षं तेच केलं. मी घरी यायचो तेव्हा तुम्ही दोघं झोपलेले असायचात.” मग थांबले. एवढं सलग बोलायची सवय नाही त्यांना, दम लागल्यासारखं झालं. “रिटायर झालो तेव्हा वाटलं, तू येशील, बसशील. नुसतं ये कसं म्हणायचं, ते जमलं नाही. म्हणून पिंप केलं. तर तू आलास आणि उभाच राहिलास.”

मी त्या हिरव्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर धूळ होती. जावईबापू तिच्यावर कधी बसलेच नव्हते! अहो, ती खुर्ची... आणि मी तीन महिने पोटऱ्या दुखवून घेत तिच्याकडे पाठ करून उभा होतो!

बसलो मग. आणि आता आपण एकमेकांशी खरं बोलतोच आहोत, तर मनातलं काढून टाकावं म्हणून मी विचारलंच. म्हटलं, “बाबा, पण मग त्याला ‘वा’ का म्हणालात?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “कोणाला?”

“डब्याला. पहिल्या दिवशी.”

“मी? कधी म्हणालो?”

आठवतच नव्हतं त्यांना! तीन महिने माझी झोप उडाली, जेवण गोड लागेना, आईच्या वाढदिवसाचं मटण जाळायला निघालो मी त्या एका अक्षरापायी, आणि त्यांना आठवत नाही! मी काही बोललो? नाही बोललो. काय बोलणार होतो?

जावईबापूंनी पंखा पुसून पुन्हा बसवला, काडी जाळीला लावून दिली, आणि मला एकट्याला गाठून म्हणाले, “दादा, मी कोणाला काही सांगणार नाही.” असा चांगला माणूस! सांगा, अशा माणसाचं करायचं काय?

तर आता सगळं छान चाललंय. दर दुसऱ्या रविवारी मी जातो, कोळसे पेटवतो, एकशे दहा लावतो आणि बसतो. बाबांच्या शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून, चार-चार तास. डोळे लाल होत नाहीत, खोकला गेला. आणि बाबा बोलतात! मनमोकळं बोलतात, चव्वेचाळीस वर्षांचं राहिलेलं सगळं बोलून घेतात. परवा तर सकाळी आठला जे सुरू झाले ते जेवायची हाक येईपर्यंत... आणि सगळं कोणाबद्दल? जावईबापूंबद्दल! त्यांनी गुडघ्याला कुठलं तेल आणून दिलं, ते वीजबिल मोबाइलवरून कसं भरतात, त्यांचं अक्षर किती वळणदार आहे... मी हं म्हणतो. मनात येतं, उठावं आणि जावं. पण उठून जायचं कुठं हो? काम तर तो डबा करतोय.